चार तारांचा खर्ज

लग्नाचा स्वागतसमारंभ असो, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, गळ्यात गिटार अडकवलेला वादक मंचाच्या पुढच्या कडेला उभा असतो आणि प्रेक्षकांची नजर त्याच्या बोटांवर खिळलेली असते. त्याच्या मागे, ड्रमच्या अंगाला, चार जाड तारांची लांब दांडीची गिटार धरून उभा असलेला माणूस मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली या पट्ट्यातील लहान संचांत तर ती जागा पुष्कळदा रिकामीच असते. खालच्या सुरांचे काम कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे सोपवलेले असते, किंवा आधीच भरून ठेवलेल्या ट्रॅककडे. एक कलावंत कमी झाला की एक मानधनही कमी होते, हा हिशेब त्यामागे असतो आणि तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या हिशेबात संगीताचे काय होते, हे पंधरा-वीस वर्षे गिटार वाजवलेल्या माणसाला कधी ना कधी जाणवतेच. मग एखाद्या दिवशी तो स्वतःच बेस गिटार घ्यायला निघतो.

तो निघतो तेव्हा बहुतेक वेळा एक समज सोबत घेऊनच निघतो. सहाऐवजी चार तारा, म्हणजे काम सोपे! वरवर पाहता ते खरेही वाटते. बेसच्या ई, ए, डी, जी या चार तारा म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, फक्त एक सप्तक खाली. पडद्यांची मांडणी ओळखीची आणि सुरांच्या जागाही ओळखीच्या. त्यामुळे जुना गिटारवादक पहिल्याच संध्याकाळी बेसवर चार गाणी वाजवून दाखवतो. ती ऐकायला मात्र बेसवर वाजवलेल्या गिटारसारखी लागतात. सूर फार, घाई फार आणि गाण्याला आधार काहीच नाही.

याचे कारण समजण्यासाठी थोडे ध्वनिशास्त्रात शिरावे लागते. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, तर बेसची ई तार ४१. या सुराची हवेतील तरंगलांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे सत्तावीस फुटांची असते. साध्या घरातील एखादी खोलीसुद्धा एवढी लांब नसते. माणसाचा कान अशा खालच्या सुरांना उंच सुरांच्या मानाने बराच मंद प्रतिसाद देतो. म्हणूनच हा सूर कानांपेक्षा छातीत आणि पायाखालच्या फळीत अधिक कळतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तर तो मूळ रूपात बाहेरच पडत नाही. त्याचे वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा सूर मनातल्या मनात भरून काढतो. बेस 'ऐकू येत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी गाण्यातून तो काढून पाहावा. गाणे तेच राहते, पण जमिनीपासून वीतभर उचलल्यासारखे अधांतरी वाटू लागते.

भारतीय श्रोत्याला खालच्या सुराचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार काय करते, हे मैफलीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. फरक एवढाच, की तंबोऱ्याचा खर्ज अढळ असतो आणि बेसचा खर्ज चालता असतो. गायिकेने वर षड्ज धरून ठेवला आहे अशी कल्पना करावी. खाली बेसनेही षड्जच वाजवला तर तो स्वर घरी परतल्यासारखा वाटतो. तिचा सूर तसाच ठेवून बेस खाली मध्यमावर गेली, की तोच षड्ज आता त्या मध्यमाचा पंचम होतो आणि त्याचा चेहरा उजळतो. बेस धैवतावर गेली, की तोच षड्ज धैवताचा कोमल गंधार होऊन हळवा होतो. गायिकेने काहीही बदललेले नाही. बदलले ते खालून. वर शंभर सूर घेणाऱ्या गिटारवादकाला हे सामर्थ्य कधी मिळत नाही. बेसवाल्याकडे ते एका बोटात असते. अर्थात चूकही तेवढीच मोठी होते. गिटारचा एखादा सूर चुकला तर तो गर्दीत हरवून जातो, पण बेसचा चुकला तर संपूर्ण संच चुकल्यासारखा ऐकू येतो.

गिटारकडून बेसकडे वळण्याची वाट जुनी आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली, तीच मुळात या वाटेवरच्या प्रवाशांच्या सोयीची होती. तोवर माणसाच्या उंचीचा डबल बेस उभा धरून वाजवावा लागे. त्याला पडदे नसत आणि ब्रासच्या गर्जनेत त्याचा आवाज बुडून जाई. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. पॉल मॅकार्टनी हे आरंभी बीटल्सचे गिटारवादक. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला स्टुअर्ट सटक्लिफ गटातून बाहेर पडले आणि ती चार तारांची जबाबदारी मॅकार्टनींच्या गळ्यात आली. त्यांनी तेथेच घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेली आणि तब्बल अर्ध्या शतकानंतर परत मिळाली. ती सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

त्याहूनही बोधप्रद उदाहरण कॅरल के यांचे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्या अनेक वर्षे गिटार वाजवत होत्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही आणि ती गिटार त्यांच्या हाती देण्यात आली. पुढे त्या त्या शहरातील सर्वाधिक मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. रोज तीन-चार गिटारी वाहून नेण्याऐवजी एकच वाद्य न्यावे लागते, हा व्यावहारिक फायदाही त्यांना पटला होता. त्यांनी गिटारची सवय सोडली नाही. त्या पिकनेच वाजवत राहिल्या. उलट मोटाउनचे जेम्स जेमरसन हे डबल बेसवरून आलेले. ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत आणि तार तुटेपर्यंत बदलत नसत. बोटांनी वाजवावे की पिकने, हा वाद नवागतांमध्ये तावातावाने चालतो. या दोघांकडे पाहिले, की तो वाद निरर्थक वाटू लागतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात खालच्या सुरांची धुरा दीर्घकाळ गोमंतकीय वादकांनी वाहिली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे त्यातले एक ठळक नाव. पडद्यावरचे नायक-नायिका सर्वांना ठाऊक, संगीतकार ठाऊक, पण त्या गाण्यांना पुढे ढकलणारे हात कोणाचे होते, हे सर्वसामान्य श्रोत्यांना क्वचितच सांगितले गेले. याच चित्रपटसृष्टीत गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांची कथा तर कादंबरीत शोभावी अशी. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ मध्ये 'टीबी-३०३' नावाचे छोटे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. बेस गिटारसारखा आवाज त्याला काही काढता आला नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही झाले. पण १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर रागांच्या सुरावटी आणि डिस्कोचा ठेका यांचा मेळ घालून एक ध्वनिमुद्रिका केली. ती तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकार थक्क झाले. शिकागोच्या क्लबांत काही वर्षांनी जन्मलेल्या 'अॅसिड हाउस' संगीताचा आवाज त्यात आधीच होता. बेसवाल्याची जागा घेण्यासाठी बनवलेल्या यंत्राचे सोने करणारा माणूस स्वतः बेस वाजवणारा असावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. गिटारवादकाने दुकानात गेल्यावर रंग आणि नाव पाहण्याआधी तारेची लांबी विचारावी. सर्वसाधारण इलेक्ट्रिक गिटारवर घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत कंप पावणारी तार साडेपंचवीस इंचांची असते, तर नेहमीच्या बेसवर ३४ इंचांची. पहिल्या पडद्यावर गिटारची बोटे साडेतीन सेंटिमीटरच्या घरात वावरतात, बेसवर ते अंतर जवळपास पाच सेंटिमीटर होते. चार पडद्यांना चार बोटे हा गिटारचा हिशेब तेथे आपटतो. म्हणून खालच्या पडद्यांवर पहिले, दुसरे आणि चौथे बोट एवढेच वापरण्याची डबल बेसवाल्यांची जुनी रीत उपयोगी पडते. ज्यांचा हात लहान आहे किंवा ज्यांच्या मनगटाने वयाप्रमाणे कुरकुर सुरू केली आहे, त्यांनी ३० इंचांची आखूड बेस निःसंकोच घ्यावी. ती मुलांची असते हा समज खोटा आहे. मॅकार्टनींची हॉफनर आखूड बेसच्याच कुळातली.

त्यानंतर वजन. चार किलोच्या आसपासचे वाद्य पट्ट्याने खांद्यावर अडकवून तास-दोन तास उभे राहायचे आहे, हे दुकानात खुर्चीवर बसून कळत नाही. उभे राहून पट्टा लावावा आणि दोन्ही हात सोडून द्यावेत. दांडीचे टोक जमिनीकडे झुकू लागले, तर ती बेस आयुष्यभर डाव्या हाताला तोलावी लागेल. मग अॅम्प्लिफायर न लावता प्रत्येक तारेवरचा प्रत्येक पडदा वाजवून पाहावा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यादरम्यान एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो, हा अनेक बेसचा उपजत गुण आहे. थोडा असेल तर चालतो. फार असेल तर दुसरी पाहावी. ही सगळी तपासणी हातात घेतल्याशिवाय होत नाही. म्हणून घरबसल्या मागवण्यापेक्षा नागपूरपर्यंतचा दीडशे किलोमीटरचा प्रवास परवडला.

लाकडाविषयी दुकानात बरेच काव्य ऐकवले जाते. खरे पाहता विजेच्या वाद्यात आवाजावर पिकअपचा, तारांचा आणि वाजवणाऱ्या बोटांचा परिणाम लाकडापेक्षा कितीतरी मोठा असतो. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने फिंगरबोर्डचे लाकूड जरूर विचारावे. त्याचे कारण वेगळेच आहे. गिटारींच्या फिंगरबोर्डसाठी जगभर वाखाणला गेलेला 'इंडियन रोझवूड' म्हणजे आपला शिसव, इथल्या सागाच्या जंगलात अधूनमधून दिसणारा. शिसवाच्या कुळातील सर्वच प्रजातींवर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने व्यापाराची बंधने घातली. फर्निचरसाठी चाललेली जगभरची बेसुमार तोड हे त्यामागचे कारण होते, पण गिटारी बनवणारेही त्यात सापडले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, तोवर कंपन्यांनी दुसरी लाकडे शोधली होती. फेंडरच्या 'स्क्वायर' या तुलनेने स्वस्त मालिकेतील अनेक वाद्यांवर 'इंडियन लॉरेल' आले. हे भारदस्त नाव कोणाचे? ऐनाचे! मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला, आरमोरीच्या टसर रेशमाचे किडे ज्याच्या पानांवर पोसले जातात, तोच ऐन. परदेशी नावाची गिटार विकत घेऊन गावी परतणाऱ्या माणसाच्या बोटांखाली त्याच्याच रानातल्या झाडाचा भाऊबंद असू शकतो. आलापल्लीच्या सागाची कीर्ती एवढी मोठी, पण गिटारच्या धंद्यात त्याला फारसे कोणी विचारत नाही.

लाकूड मेलेले असले तरी हवा पितच राहते, आणि या दोन जिल्ह्यांची हवा वाद्यांच्या मुळावर येणारी आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. हवेतील ओलावा नाहीसा होतो. फिंगरबोर्ड रुंदीने किंचित आकसतो, पडद्यांची धातूची टोके मात्र आकसत नाहीत. ती कडेने बाहेर डोकावतात आणि हात सरकवताना कानशीसारखी बोचतात. जूनमध्ये पाऊस लागला, की उलटा खेळ सुरू होतो. लाकूड फुगते, दांडीचा बाक बदलतो आणि काल स्वच्छ वाजणारी तार आज पडद्यांवर खरखरू लागते. बेसच्या चार तारा मिळून दांडीला सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढत असतात. गिटारच्या सहा तारांचा ताण याच्या दीडपटीने कमी. त्यात दांडी लांब. त्यामुळे बेसला या ऋतुचक्राचा फटका अधिक बसतो.

विदर्भात याला आणखी एक फाटा फुटतो, तो कूलरचा. दिवसभर वाळलेल्या खोलीत संध्याकाळी कूलर सुरू होतो आणि तासाभरात ओलसर हवेचा झोत भिंतीला टांगलेल्या वाद्यावर आदळू लागतो. रात्री ओले, दुपारी कोरडे, असा दोन महिने रोजचा मारा. उपाय साधा आहे. वाजवून झाले की बेस कठीण पेटीत ठेवावी, पेटी कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीजवळ असावी. उभ्या मोटारीत तर ती अर्धा तासही ठेवू नये. दांडीच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मधल्या पडद्याशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती फार वाढली किंवा मिटली, तर सळईचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि एक दिवस थांबावे. वर्षातून दोनदा, मृग नक्षत्राच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, एवढे केले तरी पुरते. पडद्यांची टोके बाहेर आलीच, तर ती घासून घ्यावीत, त्यात वाद्याचा दोष नाही.

अॅम्प्लिफायरच्या बाबतीत जुना गिटारवादक हमखास काटकसर करू पाहतो. घरात गिटारचा अॅम्प आहेच, त्यातच वायर खोचली की झाले! हळू आवाजात ते चालतेही. मोठ्या आवाजात मात्र खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा खूप मागे-पुढे हलवावा लागतो आणि गिटारचा स्पीकर त्यासाठी घडवलेलाच नसतो. तो फाटतो. शिवाय कानाला खालचा सूर तेवढाच मोठा वाटावा यासाठी शक्तीही कितीतरी जास्त लागते. ड्रमबरोबर गिटारला तीस वॉट पुरले तर बेसला शंभरही तोकडे पडतात. घरच्या सरावाला छोटा बेस अॅम्प किंवा चांगला हेडफोन घ्यावा आणि कार्यक्रमात थेट मंचाच्या ध्वनियंत्रणेला जोडावे, हा मध्यममार्ग बरा.

एवढे सोपस्कार पार पडले, की खरी गंमत सुरू होते. गिटारवादकाला सर्वांत अवघड जाते ते न वाजवणे. बेसची तार एकदा छेडली की गुंजतच राहते, तिला वेळेवर थांबवणे हेही वादनच आहे. सूर कोठे सुरू झाला याइतकेच तो कोठे संपला यावर ठेका उभा असतो. ढोलकी किंवा तबल्याबरोबर वाजवताना हे लगेच कळते. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचा सूर एकाच मजल्यावर राहतात. दोघे एकदम बोलू लागले तर नुसता गोंगाट होतो. डग्ग्यावर घिस्सा चालू असताना बेसने गप्प राहावे आणि समेवर दोघांनी एकत्र यावे. हे जमले, की अंगावर काटा येतो. माडिया-गोंडांच्या नाचातील ढोल ऐकत वाढलेल्या प्रदेशाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाय आपोआप सांगतात.

एका बाबतीत बेस गिटारहून खरोखरच सोपी आहे. गिटारच्या जी आणि बी तारांमधले अंतर इतर तारांपेक्षा निराळे, त्यामुळे एखादी सुरावट दुसऱ्या तारेवर नेली की बोटे बदलावी लागतात. बेसच्या चारही तारा समान अंतराने लावलेल्या असतात. सुरावटीचा साचा एकदा बोटांत बसला, की तो जसाच्या तसा वर-खाली सरकवता येतो. गायकागणिक पट्टी बदलणाऱ्या आपल्याकडच्या कार्यक्रमांत हे वरदानच म्हणायचे. काळी एकचा गायक आला तर ए तारेचा चौथा पडदा धरावा, काळी दोनचा आला तर सहावा. बाकी सारे तसेच. फक्त मोकळ्या तारांचा मोह टाळावा लागतो.

याची परीक्षा पाहायची तर झाडीपट्टीच्या रंगभूमीइतकी योग्य जागा नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपणारा हंगाम, गावोगावच्या मंडईच्या निमित्ताने उघड्यावर रात्रभर चालणारी नाटके आणि रंगमंचासमोर बसून प्रत्यक्ष साथ करणारे वादक. २०२३ मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा तिचे नाव महाराष्ट्रभर नव्याने निघाले. पेटी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड यांच्या मेळात चार तारांचे वाद्य सहज सामावू शकते. उघड्या मैदानात खालच्या सुराला परतवणाऱ्या भिंती नसतात, म्हणून तो बंद सभागृहापेक्षा पातळ पण स्वच्छ ऐकू येतो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. ती ध्वनीला वर निसटू न देता खाली वाकवते. उंच सूर वाटेत विरतात आणि खालचे शिवारापलीकडच्या गावापर्यंत पोहोचतात. दूरवर नाटक चालू असल्याची पहिली वर्दी मिळते ती अशीच, शब्दांच्या आधी ठेक्याने.

तिथे वाजवणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पहिला अंक सुरू होताना लावलेल्या तारा पहाटेपर्यंत तशाच राहत नाहीत. थंडी वाढते तशा पोलादी तारा आकसतात आणि सूर चढतो. पेटीचा सूर जवळजवळ जागचा हलत नाही. त्यामुळे दर अंकानंतर, प्रेक्षक चहाच्या टपरीकडे वळले की, पेटीवाल्याकडून एक स्वर मागून घ्यावा आणि चारही खुंट्या किंचित उतरवाव्यात.